काखेतली ऊब

इजिप्तमधल्या तांता गावी, भट्टीवाल्यांच्या गल्लीत डॉक्टर इन्शिराहचं घर विचारलं, तर म्हातारी माणसं आधी हसतात आणि मग उलट विचारतात, "कुठली इन्शिराह? मेंढ्यांना लंगोट बांधायची ती?"

तीच ती. आता ती निवृत्त झाली आहे, गुडघे कुरकुर करतात, आणि परिषदांची बोलावणी आली की डोळे दाखवायला जायचंय असं ठोकून देते. मूल न होणाऱ्या जोडप्यांमध्ये पुरुषाचं काय बिघडलेलं असतं, यावर तिने सगळी हयात घालवली. तिच्या हाताखाली शिकलेली मुलं-मुली कैरोपासून रियाधपर्यंत मोठमोठ्या दवाखान्यांत बसली आहेत. पण गल्लीला त्याचं काही नाही. गल्लीने लंगोट लक्षात ठेवला.

आणि लंगोटाची गोष्ट खोटीही नाही. विज्ञानाच्या पदवीनंतर इन्शिराहने डॉक्टरेटसाठी विषय घेतला तो मेंढ्यांच्या नरांचा. नराच्या अंडकोशाला लोकरीची पिशवी बांधायची, ती जागा नेहमीपेक्षा थोडी गरम राहू द्यायची, आणि वीर्यावर काय परिणाम होतो ते बघायचं. काही आठवड्यांत शुक्रजंतू कमी व्हायचे, उरलेले लंगडत चालल्यासारखे चालायचे. पिशवी काढली की अडीच-तीन महिन्यांत सगळं पहिल्यासारखं. नवीन बीज तयार व्हायला तेवढा वेळ लागतोच. साधी, सरळ गोष्ट. पण गल्लीत ती कळली तेव्हा माणसं पोट धरून हसली. इन्शिराह बाजारात गेली की कसाई मुद्दाम ओरडायचा, "डॉक्टरीणबाई, मेंढा आणलाय, माप घेऊन जा!"

तिची आई हाज्जा नफीसा लाजेने अर्धी झाली. "लग्नाच्या वयाची मुलगी, आणि हे धंदे! तुला दुसरं काही सापडलं नाही? डोळे, कान, दात... देवाने मेंढ्याला बाकी काहीच दिलं नव्हतं का?"

तेव्हा तिच्या बाजूने घरात एकच माणूस उभं राहिलं, ते म्हणजे नवी वहिनी बदरिया. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. शाळा चौथीपर्यंत, पण हात असा की शिवलेला धागा शोधून सापडू नये. इन्शिराहने आणलेली बाजारातली पिशवी तिने उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाली, "ही बिचाऱ्याला टोचत असणार. दे इकडे." प्रयोगाच्या सगळ्या पिशव्या मग तिनेच शिवल्या, आतून मऊ कापड लावून. इन्शिराह रात्रीचा अभ्यास करायची तेव्हा ती शेजारी शिवत बसायची आणि मधेच विचारायची, "आज कसा होता काळ्या कानाचा?" सख्ख्या भावापेक्षा इन्शिराहचा जीव या बाईवर जास्त होता, आणि हे ती कुणापुढेही कबूल करायची.

भावाचं नाव शहात. शहात म्हणजे भिकारी. त्याच्या आधीचे दोन मुलगे पाळण्यातच गेले, म्हणून मरणाने दाराशी येऊन बघितलं तर याला नेऊन काय करायचं असं त्याला वाटावं, अशा हिशोबाने ठेवलेलं नाव. तो मात्र वाढला तो चांगला दणकट. वडील गेल्यावर घरची भट्टी त्यानेच चालवली. तांत्यात सय्यद बदवी या पिराच्या उरुसाला येऊन फुटाणे न घेता घरी गेलेल्या माणसाला बायको दारातच विचारते की खरंच गेला होतास का. उरूस थंडीच्या तोंडावर असतो, पण त्याचे हरभरे उन्हाळाभर भाजावे लागतात. भट्टीचं तोंड कमरेच्या उंचीवर, वर तांब्याची अवाढव्य कढई, आणि भट्टीला अगदी पोट टेकवून उभा राहिलेला भाजणारा. शहात पंधरा वर्षं तसा उभा होता. गल्लीतले सगळेच तसे उभे असायचे, त्यांचे बापही तसेच.

लग्नाला सहा वर्षं झाली आणि बदरियाची कूस रिकामीच राहिली. कारण गल्लीला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. नवी नवरी म्हणून ती खोलीत बसली असताना एक शेजारीण टोपलीभर काळी वांगी घेऊन तशीच आत शिरली होती. झालं, नवरीवर कब्सा बसला, म्हणजे कूस बांधली गेली. ती सोडवायला बदरियाला वांगी ओलांडायला लावली, वांग्याच्या पाण्याने न्हाऊ घातलं, कबरस्तानात फिरवून आणलं. तिने सगळं मुकाट्याने केलं. फक्त एकदा इन्शिराहला म्हणाली, "आता वांग्याची भाजी समोर आली ना, की मीच तिला घाबरते."

या सगळ्यात पुढाकार शहातच्या आत्याचा, तफीदाचा. आत्या म्हणजे गल्लीतलं सर्वोच्च न्यायालय. तिचा मुलगा फतहल्ला, तोही भाजणारा, शेजारचीच भट्टी. त्याची पहिली बायको रसमिया, तिला मूल होईना म्हणून आत्याने घालवून दिली. दुसरी आणली, तिलाही होईना, तीही गेली. रसमियाने पुढे एका भाजीवाल्याशी लग्न केलं, आणि आता ती तीन पोरांना घेऊन रोज बाजारात मुळे विकायला बसते. गल्लीतला प्रत्येक माणूस तिच्याकडून मुळे घेत होता. त्या तीन पोरांकडे बघून कुणाच्या डोक्यात काही आलं नाही. खरं सांगायचं तर इन्शिराहच्याही नाही, आणि ती डॉक्टरेट झालेली होती.

त्या वर्षी उन्हाळा सुरू व्हायच्या आधीच आत्या येऊन बसली. चहाचा ग्लास हातात घेतला आणि साखर ढवळता ढवळता म्हणाली, "नफीसा, महल्ला गावाला माझ्या दिराची नात आहे. अंगाने भरलेली, आईला सात झालेत. उरूस झाला की फातिहा वाचून टाकू."

फातिहा वाचला की बोलणं पक्कं, मागे फिरणं नाही. नफीसाने दाराकडे बघितलं. बदरिया तिथेच उभी होती, हातात तबक घेऊन.

"मी काही हिला घालवा म्हणत नाही," आत्या म्हणाली, बदरियाला ऐकू जावं इतक्या मोठ्याने. "राहू दे कोपऱ्यात. चांगली मुलगी आहे. शिवण बरं करते."

कोपऱ्यात राहू दे म्हणजे काय, हे बदरियाला कळत होतं आणि इन्शिराहलाही. दुसरीला मूल झालं की पहिली त्या मुलाची दाई होते आणि मग एक दिवस माहेरी मुक्कामाला जाते, ती परत येत नाही.

इन्शिराह तेव्हा शहरातल्या एका दवाखान्याच्या तपासणीच्या खोलीत काम करत होती. सूक्ष्मदर्शकाखाली वीर्य बघायचं काम. बघायचं खरं, पण पुरुष तिथे कधी फिरकायचे नाहीत. भर दिवसा एखादा पुरुष त्या दारात दिसला, तर संध्याकाळी त्याच्या चहाच्या अड्ड्यावर ग्लास वाजायचे बंद झाले असते. त्यामुळे रीत अशी पडली होती की नवऱ्याने घरी बाटली भरून द्यायची आणि बायकोने ती अंगभर पांघरलेल्या काळ्या चादरीच्या आत, काखेत धरून, तासाभराच्या आत आणून पोचवायची. माणसाच्या अंगाची ऊब म्हणजे बरोबर हवी तेवढी. खोलीबाहेरच्या बाकावर रोज सकाळी एक हात अंगाशी घट्ट धरलेल्या बायका बसलेल्या असायच्या, आणि जिन्यावरून जाणारी माणसं म्हणायची की बिचाऱ्यांचे खांदे धरले वाटतं.

बहिणीने भावाला ही बाटली भर म्हणून सांगायचं कसं? शेवटी तिने बदरियाला गच्चीवर नेलं, कबुतरांच्या खुराड्यामागे उभं केलं आणि हातात बाटली दिली.

बदरियाने बाटलीकडे बघितलं. "ते ऐकतील?"

"तू सांगितलंस तर ऐकेल. म्हणावं, इन्शिराह स्वतः बघेल, दुसरं कुणी नाही. आणि काय बघितलं ते कुणाला सांगणार नाही. आईलासुद्धा नाही. वचन दिलं म्हण."

"आणि त्यांच्यातच काही निघालं तर?"

"तर औषध शोधू."

"आणि नाही निघालं, तर मग मीच," बदरिया शांतपणे म्हणाली. "बरं. निदान कळेल तरी."

आठ दिवसांनी बदरिया बाटली घेऊन आली. इन्शिराहने थेंब काचपट्टीवर घेतला आणि डोळा लावला. शुक्रजंतू होते, पण एकही हलत नव्हता. सगळे मेलेले, एकजात. तिने दुसरा थेंब घेतला, तिसरा घेतला. बाहेर बाकावर बदरिया बसली होती, आणि दार उघडून तिच्यापुढे जायचं इन्शिराहला धाडस होईना. शेवटी बाहेर आली ती एवढंच म्हणाली, "नंतर सांगते."

त्यानंतरचे काही दिवस तिने कसे काढले, तिलाच माहीत. इतकं पूर्ण मेलेलं वीर्य तिने क्वचितच बघितलं होतं. त्यावर त्या काळी औषध नव्हतंच. म्हणजे शहातला मूल कधीच होणार नाही, आणि वचन दिल्यामुळे हे कुणाला सांगताही येणार नाही. महल्ल्याची मुलगी येईल, तिलाही होणार नाही, मग तिच्यावरही कुणीतरी वांगी घेऊन आलं असेल. आणि तोवर बदरिया गेलेली असेल.

एका दुपारी दोघी मुलुखियाच्या पालेभाजीची पानं निवडत बसल्या होत्या. न राहवून इन्शिराहने विचारलं, "वहिनी, त्या दिवशी बाटली किती वेळ बाहेर होती गं? वाटेत कुठे थांबली होतीस?"

"कुठे थांबणार? धावत आले. हातात मिळाली तशी काखेत."

"हातात कुठे मिळाली?"

"भट्टीवर."

"भट्टीवर?"

"अगं, मी त्यांना सांगितलं होतं ना, बाटली उबेत ठेवायची, गार होऊ द्यायची नाही. मी पोळ्या लाटत होते. मग त्यांनी ती भट्टीच्या कट्ट्यावर ठेवली, चहाची किटली ठेवतात ना तिथे. छान गरम होती. मी घेतली तेव्हा हाताला चटका बसला." बदरियाचं लक्ष नणंदेच्या चेहऱ्याकडे गेलं. "का? चुकलं का काही?"

इन्शिराह हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते थांबेना. भाजणाऱ्याच्या घरी उबेत ठेव म्हटलं तर तो दुसरीकडे कुठे ठेवणार? त्याने किटलीसारखं उकळून ठेवलं होतं. मेलेले नव्हतेच ते, शिजलेले होते!

आणि मग हसू अर्ध्यावरच राहिलं. कारण त्याच कट्ट्याला कमर टेकवून तिचा भाऊ पंधरा वर्षं उभा होता. उन्हातान्हात, उरुसाच्या घाईत, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. तिने मेंढ्यांच्या अंगावर लोकरीच्या पिशव्या बांधून जे वर्षानुवर्षं तपासलं, ते तिच्या घराच्या तळमजल्यावर रोज चाललेलं होतं. तिचा बाप तिथे उभा होता, त्याला पोरं झाली म्हणून कुणाला शंकाच आली नाही. फतहल्ला तिथे उभा होता. तिने त्या भट्टीशेजारी बसून डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला होता. इतकी मोठी आंधळी आपणच, हे तिला त्या क्षणी कळलं आणि फार लाज वाटली.

दुसरी बाटली थेट काखेत आली. यावेळी हलणारे होते. थोडे, थकलेले, पण होते. पिशवी बांधलेल्या मेंढ्यांच्या जंतूंसारखेच दिसत होते ते अगदी.

आता शहातला सांगणं आलं. तो संध्याकाळी गच्चीवर कबुतरांना दाणे घालत होता. इन्शिराहने त्याच्याकडे पाठ केली आणि दोरीवर वाळत घातलेल्या चादरींकडे बघत सगळं सांगितलं. दोघांनाही एकमेकांचं तोंड बघायचं नव्हतं. भट्टीपासून तीन महिने लांब राहायला हवं, बाकी काही नाही, औषध नाही, सुई नाही.

शहातने दाण्यांची मूठ तशीच मिटून घेतली. मग म्हणाला, "तीन महिने? उरूस तोंडावर?"

"हो, दादा."

"आणि लोक विचारतील का सोडली भट्टी, तर काय सांगू? अंडी भाजली म्हणून?" त्याचा आवाज चढला आणि मग एकदम खाली आला. "मी वडिलांच्या मयतीच्या चौथ्या दिवशी भट्टी लावली होती. मला ताप असतो तेव्हाही मी उभा असतो. माझं काही बिघडलंय म्हटलं की संपलं. लोक माझ्या दुकानातून फुटाणे घेताना हसतील."

"मी कुणाला सांगणार नाही. तुझं आहे ते."

"मग झालं तर," असं म्हणून तो खाली निघून गेला. म्हणजे नाही.

इन्शिराह तशीच उभी राहिली. तेवढ्यात दोरीवरची एक चादर बाजूला झाली आणि तिच्यामागून हाज्जा नफीसा बाहेर आली, तोंडात कपड्याचे दोन चिमटे धरून. तिने चिमटे काढले, मुलीकडे बघितलं आणि टोपली उचलून जिना उतरली.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. आत्या आणि फतहल्ला जेवायला होते. पानं वाढून झाली आणि नफीसाने हात आडवा केला. "कुणी घास घेऊ नका. मला एक सांगायचंय. मी सय्यदला नवस बोललेय. माझ्या शहातच्या घरी पाळणा हलावा म्हणून. आजपासून उरुसापर्यंत शहात विस्तवाला हात लावणार नाही. भट्टीच्या जवळसुद्धा जाणार नाही."

सगळे थबकले. आत्याचा हात भातावर तसाच राहिला. "असला कसला नवस? लोक मेणबत्ती बोलतात, बकरा बोलतात..."

"मी विस्तव बोलले. माझा मुलगा विस्तवातला आहे, मी विस्तव सोडला. आता बोललेलं मोडायचं का सय्यदच्या गावात राहून?"

मोडायचं कोण म्हणणार? नवस म्हटल्यावर कुणालाच हसायला जागा उरली नाही. उलट फतहल्लाने उठून मामीच्या डोक्यावर ओठ टेकले आणि म्हणाला, "मामी, दोन्ही भट्ट्या मी बघेन." शहात खाली मान घालून भाकरी मोडत होता. कान लाल झाले होते त्याचे.

भांडी घासताना इन्शिराहने आईला कोपऱ्यात गाठलं. "आई, हा नवस कधी बोललीस तू?"

"जेवताना," नफीसा म्हणाली. "बोलले की नाही सगळ्यांसमोर? झाला मग नवस. आणि तू ती चाळणी नीट घास, शिकलेल्या हातांना घासता येत नाही का?"

असा त्या उन्हाळ्यात शहात पुढच्या दुकानात तराजूमागे बसला आणि मागे फतहल्ला एकटा दोन भट्ट्यांवर घामाने भिजत राहिला. इन्शिराहला ते बघवायचं नाही. दोनदा ती त्याला बोलायला गेली आणि दोनदा परत आली. त्याला सांगायचं म्हणजे भावाचं फोडायचं. शहातही आधी तराजूमागे पिंजऱ्यात टाकल्यासारखा बसायचा, मग सवय झाली. दुपारी बदरिया त्याला जेवण घेऊन जायची आणि दोघं पडद्यामागे बसून जेवायची. आधी भट्टीवर तो उभ्यानेच जेवायचा, त्यामुळे सहा वर्षांत हे प्रथमच घडत होतं.

उरूस आला. गावात पाय ठेवायला जागा राहिली नाही. उरुसाच्या शेवटच्या, मोठ्या रात्री दर्ग्याभोवती ढोल वाजत होते आणि नफीसाने नवस फेडल्याचे फुटाणे ओंजळीने वाटले. उरुसाआधीच बदरियाने काखेतून पुन्हा बाटली आणली होती. इन्शिराहने डोळा लावला आणि तिला हर्षाने ओरडावंसं वाटलं. काचपट्टीवर जत्रेतल्यासारखी गर्दी होती, आणि सगळे धावत होते.

पण जंतू धावले म्हणून लगेच मूल राहत नाही. त्याला आपली वेळ लागते. बदरियाची पाळी उरुसाच्या दुसऱ्याच दिवशी आली. आणि त्यानंतरच्या शुक्रवारी आत्या आली ती काका, चुलत काका आणि फतहल्लाला घेऊनच. फातिहा वाचायला.

पुरुष दिवाणखान्यात भिंतीला टेकून बसले. नफीसाने तोंड उघडलं की आत्या म्हणायची, "नवस बोललीस, सय्यदने ऐकलं नाही. आता माझं ऐक." इन्शिराह दाराच्या चौकटीत उभी होती. तिच्याजवळ सगळं उत्तर होतं. आता सगळं ठीक झालंय, फक्त काही महिने थांबा, एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, काय ठीक झालंय? आधी काय बिघडलं होतं? कुणाचं? आणि तिने वचन दिलं होतं. स्वयंपाकघरातून बदरियाने चहाचे ग्लास मांडल्याचा आवाज येत होता. स्वतःच्या सवतीचा चहा ती स्वतःच करत होती. ती भावाकडे बघत राहिली. बोल, मेल्या. बोल.

मोठ्या काकांनी हात उघडे धरले. सगळ्यांनी धरले. शहातने धरले नाहीत.

"आत्या," तो म्हणाला, "भाजलेला हरभरा पेरला तर उगवतो का?"

आत्या चिडली. "फातिहाच्या वेळेला हे काय मधेच?"

"सांगा ना. तुमचं आयुष्य फुटाण्यांत गेलं. उगवतो?"

"खुळा झालास का? भाजलेला कसा उगवेल?"

"मग शेत बदलून काय होणार?"

कुणाला पटकन कळलंच नाही. शहातचा घाम निथळत होता, भट्टीसमोरसुद्धा निथळला नसेल इतका. तो मान वर करून बोलला, "पंधरा वर्षं मी त्या विस्तवाला कमर लावून उभा होतो. माझंच बी भाजलं. इन्शिराहने तपासलं. बदरियात काही खोट नाही, कधीच नव्हती. आई नवस बोलली ती मला तिथून हलवायला बोलली. आता बरं होतंय. झालं मूल तर झालं, नाही झालं तर मी आणि ती. महल्ल्याच्या मुलीला दुसरं चांगलं घर बघा."

मोठ्या काकांनी उघडे हात हळूच मांडीवर ठेवले. कुणी हसलं नाही. फतहल्लाचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता, आणि तो स्वतःच्या मांडीकडे बघत होता, उन्हाळाभर भाजून काढलेल्या सदऱ्याकडे. बदरिया तबक घेऊन आत आली. तिने सगळं ऐकलं होतं. तिने रिवाज सोडून पहिला ग्लास काकांना न देता नवऱ्यासमोर ठेवला आणि मग बाकीच्यांना दिले. आत्याने चहा घेतला नाही. ती उठली, चादर सावरली आणि निघून गेली.

त्यानंतर गल्लीत काय काय घडलं, ते इन्शिराहच्या नोकरीतल्या पुढच्या तीस वर्षांचं काम. भट्टी आणि माणूस यांच्यामध्ये विटांची भिंत घालायची आणि लांब दांड्याच्या झाऱ्याने भाजायचं, ही कल्पना शहातची. तिने फक्त मोजमाप केलं. गल्लीतल्या आयांनी मात्र भराभर नवस बोलायला सुरुवात केली, अमक्याचा विस्तव सोडला, तमक्याचा विस्तव सोडला. कारण विचारलं तर सय्यदचं नाव. त्यांच्या त्या नवसांवरच तिचा पहिला मोठा अभ्यास उभा राहिला, आणि एका परदेशी परीक्षकाने तिला विचारलं की इतके कामगार एकाच वेळी काम सोडायला कसे काय तयार झाले. तिने उत्तर लिहिलं की त्यांच्या आया तयार झाल्या.

वसंतात बदरियाला फुटाण्यांच्या वासाने मळमळायला लागलं. नफीसाने दर्ग्यात जाऊन आधी सय्यदचे आभार मानले आणि घरी येऊन मुलीला म्हणाली, "तुझेही मानते, उगाच तोंड पाडू नकोस."

त्याच आठवड्यात एका दुपारी बाकावरच्या बायका निघून गेल्यावर तपासणीच्या खोलीचं दार हळूच लोटलं गेलं. तफीदा आत्या. एकटीच. फातिहाच्या दिवसापासून तिने या घराशी अबोला धरला होता. ती स्टुलावर बसली आणि बराच वेळ सूक्ष्मदर्शकाकडे बघत राहिली.

"फतहल्लाचं बघायचंय," ती म्हणाली. "तिसरी आणायच्या आधी बघावं म्हटलं."

"बघू की, आत्या." इन्शिराहने बाटली काढून तिच्या हातात दिली. "घरी भरायची. गार होऊ द्यायची नाही. काखेत धरून तासाभरात इथे. आणि भट्टीवर ठेवायची नाही."

"हं. आणायची कुणी?"

"बायको आणते, आत्या," इन्शिराह सवयीने बोलून गेली.

आत्या बाटलीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "रसमियाला काढली तेव्हा तिने उंबरा धरला होता. सोडेना. मी एकेक बोट उकललं तिचं." तिने स्वतःची बोटं उघडून बघितली. "ती रोज मुळे विकते माझ्या समोर. तिघं पोरं खेळतात. भाव करते मी तिच्याशी. दोन आल्या होत्या गं घरात. एक तरी ठेवायला हवी होती."

इन्शिराहला तिचा राग यायला हवा होता. इतकी वर्षं येतही होता. पण त्या स्टुलावर बसलेली म्हातारी बघून तिला रडू आलं आणि तिने काचपट्ट्या आवरायचं निमित्त करून पाठ फिरवली.

"मी आणीन," आत्या मागून म्हणाली. "आईची ऊब चालते ना?"

"चालते, आत्या. ऊब तेवढीच असते."

आत्या उठली. तिने काळ्या चादरीच्या आत हात घातला, बाटली काखेत सरकवली आणि दंड अंगाशी घट्ट आवळला. जिना उतरताना तिचा दुसरा हात कठड्यावर होता. बाटली अजून रिकामीच होती, पण ती सांडू नये अशा बेताने ती एकेक पायरी जपून उतरत होती.